परागाचा हंगाम खरंच बदलतोय का? घरच्या गच्चीवरून वर्षानुवर्षं नोंद ठेवण्याची पद्धत

‘यंदा शिंका फारच लवकर सुरू झाल्या’ हे वाक्य पुण्यात दर ऑक्टोबरात ऐकू येतं. गेल्या ऑक्टोबरातही आपण हेच म्हणत होतो, याचा म्हणणाऱ्याला विसर पडलेला असतो. आठवणीत वर्षं एकमेकांत मिसळतात. शिवाय नाकाला परागासोबत मेट्रोच्या कामाची धूळ, दिवाळीचा धूर, पंख्यावरची जळमटं आणि भिंतीवरची बुरशी हे सगळं एकाच भावात कळतं. त्यामुळे परागाचा हंगाम पुढे-मागे सरकला का, लांबला का, त्यातल्या वनस्पती बदलल्या का, हे ठरवण्यासाठी नाक बाजूला ठेवून काहीतरी मोजावं लागतं, आणि ते दरवर्षी त्याच पद्धतीनं मोजावं लागतं.

उत्तर अमेरिकेत साठेक केंद्रांवर अशी मोजणी वर्षानुवर्षं चालू होती, म्हणूनच २०२१ साली संशोधकांना ठामपणे सांगता आलं की १९९० ते २०१८ या काळात तिथला परागहंगाम सुमारे २० दिवस लवकर सुरू होऊ लागला आणि परागाचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढलं. आपल्याकडे या कामाची परंपरा आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतले कण पकडणारं स्वतःचं यंत्र बनवलं, ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून ओळखलं जातं. चंडीगडसाठी परागांची दिनदर्शिकाही तयार झाली आहे. पण तुमच्या गल्लीत, तुमच्या टेकडीखाली काय चाललंय, हे सांगणारं केंद्र बहुधा तुम्हालाच उभं करावं लागेल. खर्च फार नाही, चिकाटी मात्र लागते.

खालची पद्धत पुणे, सातारा, नगर, नाशिक या पठारी भागाला धरून लिहिली आहे. कोकणात आणि विदर्भात वनस्पती बदलतील, कृती तीच राहील.

कोणावर लक्ष ठेवायचं

पहिला गैरसमज इथेच दूर करायला हवा. पळस, पांगारा, काटेसावर, गुलमोहर यांची फुलं डोळ्यांत भरतात म्हणून दोष त्यांच्या माथी येतो. पण ती फुलं पक्ष्यांसाठी आणि कीटकांसाठी असतात. त्यांचा पराग जड आणि चिकट असतो, तो हवेत फारसा उडत नाही. शिंका आणतात त्या ज्यांची फुलं आपल्याला दिसतसुद्धा नाहीत अशा वनस्पती, म्हणजे वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या.

पठारावर त्यांचे ढोबळमानानं तीन गट पडतात. पहिला गवतांचा: कुसळी, पवन्या, मारवेल, हरळी आणि शेताजवळ राहत असाल तर बाजरी, ज्वारी, मका. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत यांचा जोर असतो. दुसरा तणांचा: गाजर गवत, काटेमाठ, आघाडा, चाकवत, शंकेश्वर. यांतलं गाजर गवत ओल मिळाली की वर्षात केव्हाही फुलतं, पण ऑगस्टपासून दोन-तीन महिने त्याचं राज्य असतं. तिसरा झाडांचा, हिवाळ्याच्या शेवटी: वावळ, शिंदी, निरनिराळ्या बाभळी. वावळ जानेवारी-फेब्रुवारीत अंगावर पान नसताना फुलतो. फुलं इतकी बारीक आणि मळकट असतात की बरेच जण मार्चमध्ये त्याच्या कागदी चकत्या रस्त्यावर उडू लागल्यावरच झाडाकडे बघतात. तोवर पराग सोडून झालेला असतो. एरंड या तिन्ही गटांत बसत नाही, तो नाल्याकाठी जवळजवळ वर्षभर फुलत असतो. किनाऱ्यावर सुरूचं झाड आणि नारळ यादीत घ्या.

या सगळ्यांच्या मागे लागू नका. गवतं एक गट म्हणून धरा (परागकणावरून गवताची जात ओळखणं साध्या सूक्ष्मदर्शकाखाली शक्य नाही), त्यात गाजर गवत, माठ-चाकवत आणि एखादं झाड मिळवा. चार गोष्टी नीट मोजलेल्या बऱ्या.

तीन नोंदी, तीन वेगळ्या वह्या

फुलोरा, हवेतला पराग आणि शरीराचा त्रास या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच लिहायच्या. एकाच वहीत लिहिलं की ‘आज वावळ फुललेला दिसला’ हे वाचून हात आपोआप ‘शिंका जास्त’ असं लिहितो. शक्य असेल तर त्रासाची नोंद घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ठेवायला सांगा.

फुलोऱ्याची वही सगळ्यात सोपी आणि, माझ्या मते, सगळ्यात मोलाची. सूक्ष्मदर्शक मिळाला नाही तरी एवढी वही ठेवाच. घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत ठरावीक झाडं आणि ठरावीक तुकडे निवडा: हा वावळ, ती शिंदी, शाळेमागचा गाजर गवताचा मोकळा प्लॉट, टेकडीच्या पायवाटेचं पहिलं वळण. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तिथे जाऊन फक्त एवढं लिहायचं: कळ्या आहेत का, फुलं उघडली आहेत का, असतील तर थोडी, निम्मी की बहुतेक सगळी. गवताच्या तुऱ्याला टिचकी मारा. पिवळसर धूर उडाला तर पराग सुटतोय. ‘फुलं दिसली नाहीत’ हीसुद्धा नोंद असते, ती गाळू नका. पाच वर्षांनी रिकामी जागा दिसली तर तेव्हा फुलं नव्हती की तुम्ही गेला नव्हता, हे कळायला मार्ग उरत नाही. त्याच जागेवरून, त्याच दिशेनं मोबाइलवर एक फोटोही काढत जा. झाडांच्या अशा साप्ताहिक नोंदींसाठी ‘सीझनवॉच’ हा देशव्यापी नागरिक उपक्रम आहे. तुमचं झाड त्यांच्या यादीत असेल तर तिथेही नोंदवा, म्हणजे वही हरवली तरी माहिती हरवणार नाही.

त्रासाच्या वहीत शिंका, नाक गळणं, नाक चोंदणं, डोळे खाजणं, खोकला-दम या प्रत्येकाला शून्य ते तीन असे गुण द्या आणि त्या दिवशी घेतलेलं औषध लिहा. औषधाचा रकाना नसेल तर बाकीचे आकडे निरर्थक ठरतात. गोळी घेऊन शून्य आणि गोळी न घेता शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घर बदललं, गादी बदलली, मांजर आणलं, रंगकाम काढलं, हेही इथेच टिपा.

तिसरी वही हवेतल्या परागाची. तिच्यासाठी थोडी हातकारागिरी लागते.

गच्चीवरचा सापळा

मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली स्वतः परागज्वरानं हैराण होते. चिकट लेप लावलेल्या काचा हवेत उघड्या ठेवून त्यांवर पडलेला पराग त्यांनी मोजला, इतकंच नव्हे तर पतंगाला काचा बांधून वरच्या हवेतलाही पकडला. १८७३ साली त्यांचं पुस्तक आलं. पुढे १९४६ मध्ये अमेरिकेत ओरेन डरहॅम यांनी या काचपट्टीला ठरावीक मापाचा आडोसा दिला. आपण बनवणार आहोत तो याच डरहॅम सापळ्याचा घरगुती अवतार.

सुमारे २३ सेंटिमीटर व्यासाच्या दोन सपाट स्टीलच्या ताटल्या घ्या. तीन लांब बोल्ट घालून त्या एकमेकींपासून साडेसात सेंटिमीटर अंतरावर समांतर बसवा. खालच्या ताटलीच्या मध्यभागी अडीच सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा चिकटवा आणि त्यावर काचपट्टी धरून ठेवणारी क्लिप लावा. वरची ताटली पाऊस अडवते, खालची खालून उडणारे शिंतोडे. हा सगळा जोड कमरेएवढ्या उंचीच्या नळीवर पक्का करा आणि नळी वाळूच्या बादलीत किंवा सिमेंटच्या कुंडीत रोवा. कबुतरं वरच्या ताटलीवर बसणारच, तिथे दोन-चार तारा उभ्या करून ठेवा.

जागा निवडताना घाई करू नका, कारण ती नंतर हलवायची नाही. चारी बाजूंनी वारा येणारी गच्ची हवी. कठड्याला चिकटून, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला किंवा एखाद्या झाडाच्या फांद्यांखाली सापळा नको, नाहीतर तुम्ही शहराची हवा नव्हे, तर ते एक झाड मोजत बसाल.

काचपट्टीवर व्हॅसलीनचा अगदी पातळ थर द्या. पट्टी किंचित कोमट करून बोटाच्या कडेनं एकाच दिशेला पसरवलं की थर सारखा बसतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात व्हॅसलीन पातळ होऊन ओघळतं, तेव्हा सिलिकॉन ग्रीस बरं. पण जे वापराल ते त्या ऋतूत दरवर्षी तेच वापरा. पट्टीच्या टोकाला तारीख लिहा, सकाळी नऊला लावा, दुसऱ्या दिवशी नऊला काढा. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, समजा रविवार आणि बुधवार, हे पुरे. रोज जमलं तर उत्तमच, पण सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर रोजच्या मोजणीत खाडे पडू लागतात, त्यापेक्षा दोन दिवस अखंड चालवलेले चांगले. महिन्यातून एकदा एक लेप लावलेली पट्टी बाहेर न लावता पेटीतच ठेवा आणि तीही मोजा. तिच्यावर पराग सापडला तर तो घरातून किंवा तुमच्या हातातून आलाय.

या सापळ्याची मर्यादा ध्यानात असू द्या. तो हवा ओढून घेत नाही, जे आपोआप पडेल तेच पकडतो. त्यामुळे जड कण जास्त मिळतात, हलके निसटतात, आणि ‘एक घनमीटर हवेत इतके कण’ असं विधान यावरून करता येत नाही. तसं करायचं असेल तर १९५२ मध्ये हर्स्ट यांनी बनवलेल्या, मिनिटाला दहा लिटर हवा खेचणाऱ्या सापळ्याच्या जातीचं यंत्र लागतं, ते महाग असतं. आपला आकडा दुसऱ्या शहराच्या आकड्याशी ताडून बघण्यासाठी नाही. तो फक्त आपल्याच गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडायचा.

काचेखाली काय दिसतं

महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांशी ओळख काढा. चारशे पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक, ग्लिसरीन जेली आणि बेसिक फुक्सिन किंवा सॅफ्रॅनिन हा रंग तिथे मिळतो. रंगीत जेलीचा छोटा तुकडा पट्टीवर ठेवून हलक्या आचेवर विरघळवा, वर २२ मिलिमीटरची चौकोनी कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, ठेवा, कडा पारदर्शक नेलपॉलिशनं बंद करा. जेलीत सहसा फिनॉल असतं, ते हाताला लावून घेऊ नका. पराग गुलाबी-लाल होतो, धूळ आणि बहुतेक काजळी तशीच राहते. कागदाचा ‘फोल्डस्कोप’ १४० पट मोठं दाखवतो. त्यावर गवताचा पराग ओळखता येतो, पण गाजर गवतासारखा बारीक कण निश्चित करायला अडचण येते.

हवेतला पराग बघण्याआधी ओळखीचा पराग बघा. प्रत्येक निवडलेल्या वनस्पतीची उमलू लागलेली फुलं आणा, परागकोश पट्टीवर झटका, रंगवा, नाव आणि तारीख लिहून ठेवा. हा तुमचा संदर्भकोश. पुस्तकातली चित्रं याची जागा घेऊ शकत नाहीत.

मग ओळख पटायला लागते. गवताचा कण गोल, गुळगुळीत, त्याला एकच छिद्र आणि छिद्राभोवती कडं. माठ आणि चाकवत यांचा कण गोल्फच्या चेंडूसारखा, सगळीकडे छिद्रं. हे दोघे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, म्हणून एकाच रकान्यात टाका. गाजर गवताचा कण वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा, अंगभर आखूड काटे, कधी कधी पुंजक्यानं येतो. बाभळीचा ओळखायला सगळ्यात मजेचा: सोळा कण एकत्र जुळून केलेली जणू विटांची चकती. एरंड लांबट, तीन खाचांचा. काळीभोर कड असलेला गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा. आडव्या-उभ्या भिंतींचा गदेसारखा तपकिरी कण म्हणजे अल्टरनेरिया या बुरशीचा बीजाणू. त्याचीही संख्या लिहून ठेवाच, कारण पावसाळ्यातल्या शिंकांचा दोष पुष्कळदा त्याचा आणि त्याच्या भाईबंदांचा असतो. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी’ लिहा, ओढूनताणून कुठल्याही रकान्यात बसवू नका.

मोजताना कव्हरस्लिपच्या एका कोपऱ्यापासून सुरू करून ओळीओळीनं पूर्ण चौकोन संपवायचा. क्षेत्रफळ ४.८४ चौरस सेंटिमीटर भरतं, एकूण संख्येला त्यानं भागलं की दर चौरस सेंटिमीटरचा आकडा आला. फार गर्दी असेल तर एकाआड एक ओळ मोजून दुप्पट करा आणि तसं केल्याची नोंद करा.

वर्षानुवर्षं मोजणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची: तुमची नजरही बदलते. पहिल्या वर्षी अर्धे कण नजरेतून सुटतात, तिसऱ्या वर्षी सुटत नाहीत, आणि कागदावर मात्र पराग वाढल्यासारखा दिसतो. यावर उपाय म्हणून पहिल्या हंगामातल्या दहा-बारा पट्ट्या जपून ठेवा आणि दर हंगामाच्या सुरुवातीला जुना आकडा न बघता त्या पुन्हा मोजा. संख्या बरीच वाढली तर ती हवेतली वाढ नाही.

आकड्यांतून हंगाम काढणं

वर्ष जानेवारीपासून मोजू नका. आपल्याकडे सगळं चक्र पावसापासून सुरू होतं आणि झाडांचा हंगाम त्याच चक्रात, जानेवारीनंतर, शेवटी येतो. १ जून हा पहिला दिवस धरा, म्हणजे १५ ऑक्टोबर हा १३७वा दिवस. तारखांपेक्षा अशा दिवस-क्रमांकांचा आलेख काढणं सोपं जातं.

‘हंगाम कधी सुरू झाला’ हे पहिला कण दिसण्यावरून ठरवायचं नाही. एखादा भटका कण कधीही येतो. रूढ पद्धत अशी: हंगामभराची बेरीज करा, त्या बेरजेच्या ५ टक्के जिथे ओलांडले जातात ती सुरुवात, ९५ टक्के जिथे ओलांडले जातात तो शेवट. मानलेलं उदाहरण घेऊ. गवताचे आठ आठवड्यांचे आकडे २, ६, १५, ४०, ६२, ४८, २०, ७ आहेत. बेरीज २००. पाच टक्के म्हणजे १०, ते तिसऱ्या आठवड्यात ओलांडले. पंच्याण्णव टक्के म्हणजे १९०, ते सातव्यात. निम्मी बेरीज, १००, पाचव्यात. या तिन्हींत मधला बिंदू सगळ्यात भरवशाचा असतो, कारण एखाद्या पट्टीच्या गडबडीनं तो फारसा हलत नाही. आकडे आठवड्याचे असतील तर ‘हंगाम तीन दिवस अलीकडे आला’ असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेही ओघानं आलंच.

दरवर्षी प्रत्येक गटासाठी चार आकडे मिळतील: सुरुवात, मध्य, शेवट आणि एकूण बेरीज. ते एका तक्त्यात मांडा. दोन वर्षांच्या फरकावरून काहीही बोलू नका. पाच वर्षांनी साधारण किती मागे-पुढे होतं ते कळतं, दहा वर्षांनी कल सांगायला तोंड उघडता येतं. हवामानशास्त्रज्ञ तर सरासरीसाठी तीस वर्षं धरतात.

बदल दिसला, तर तो कशामुळे?

आपल्या पठारावर पहिला संशय पावसावर घ्यायचा. हवामान विभागानं २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्यानं ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. पाऊस रेंगाळला की गवत हिरवं राहतं, आणि भिजलेल्या हवेत पराग तरंगत नाही. म्हणून गवताच्या हंगामाचा मध्य तारखेशी तर ताडाच, पण शेवटच्या मोठ्या पावसानंतर किती दिवसांनी आला तेही लिहा. तारीख सरकली आणि हे अंतर तेवढंच राहिलं, तर सरकला आहे तो पाऊस. गवत फक्त त्याच्या मागून गेलं.

दुसरा संशय जमिनीवर. गाजर गवताची देशातली नोंद पुण्यातूनच झाली, १९५५ च्या सुमारास, आणि आजही उकरलेली, पडीक ठेवलेली जमीन त्याला सगळ्यात मानवते. बांधकामासाठी पाडलेला प्लॉट दोन पावसाळे तसाच राहिला तर सापळ्यात त्याचा पराग वाढेल, आणि इमारत उभी राहिली की खाली येईल. यात हवामानबदल शोधायला जाऊ नये. उलट एखाद्या वर्षी गाजर गवताची पानं चाळणीसारखी झालेली दिसली तर तो मेक्सिकन भुंगेऱ्याचा प्रताप. गाजर गवताच्या जैविक नियंत्रणासाठी १९८०च्या दशकात तो मुद्दाम भारतात आणला गेला. टेकडीवर चाऱ्यासाठी गवत तुरे येण्याआधी कापलं गेलं का, वणवा लागला का, जुना वावळ रस्तारुंदीत गेला का, हे वर्षाच्या शेवटी एका पानावर लिहा. फोटो इथे उपयोगी पडतात.

आणि त्रास वाढला पण पराग वाढला नसेल, तर धुळीकडे बघा. पुण्या-मुंबईसाठी ‘सफर’ या हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या सरकारी यंत्रणेचे सूक्ष्म धूलिकणांचे आकडे उपलब्ध असतात, त्या दिवसांचे आकडे शेजारी मांडा. दिवाळीचा आठवडा निराळ्या रंगात खुणावून ठेवा, नाहीतर गवताच्या हंगामाचं शेपूट आणि फटाक्यांचा धूर वेगळे काढता येणार नाहीत.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

तीन वह्या नव्हे, एकच आलेख: खाली आठवडे, वर परागाची रेघ आणि त्रासाची रेघ. दोन्ही रेघा एकत्र चढल्या म्हणून अॅलर्जी त्याच परागाची हे सिद्ध होत नाही, त्यासाठी त्वचेवरची चाचणी लागते. पण कोणते पराग तपासायचे हे ठरवायला आलेख मदत करतो. चाचणीआधी कोणत्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारून घ्या. नाकातला फवारा दिलेला असेल तर तो हंगामाआधी आठवडा-दोन आठवडे सुरू करायचा का, हेही विचारा, तुमच्या तक्त्यातली सुरुवातीची तारीख त्यासाठीच कामाची आहे. छातीत घरघर किंवा दम लागत असेल तर मात्र नोंदी पूर्ण होण्याची वाट बघायची नाही. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये गवताच्या परागाच्या ऐन हंगामात वादळ आलं, दम्याचे झटके आलेल्या हजारो लोकांनी रुग्णालयं भरली आणि दहा माणसं दगावली. त्यांत आधी फक्त शिंकांचा त्रास असलेले पुष्कळ जण होते. परतीच्या पावसाच्या गडगडाटात ज्यांना धाप लागते त्यांनी इनहेलरबद्दल आधीच बोलून ठेवावं.

राहता राहिली घर बदलण्याची गोष्ट. सापळा हलवावाच लागला तर निदान एक पूर्ण हंगाम जुन्या आणि नव्या अशा दोन्ही गच्च्यांवर एकाच दिवशी पट्ट्या लावा आणि दोन्ही आकड्यांचं गुणोत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जुन्या सोसायटीत एखादा शेजारी तयार होत नसेल तर जुनी मालिका तिथेच बंद करा आणि नवीन वहीत पहिल्या वर्षापासून सुरुवात करा.